हायब्रिड गाडी तापते, डॅशबोर्डवर दिवे लागतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायब्रिड गाडीत ‘इंजिन गरम होतंय’ आणि ‘वायरिंगमध्ये काहीतरी आहे’ या दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, अनेक गाड्यांत कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पंपही विजेवरच चालतो, आणि ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर हे सगळं चालतं त्यालाच थंड ठेवायला पुन्हा कूलंट लागतं. त्यामुळे रेडिएटरवाला वायरिंग बघा म्हणतो, इलेक्ट्रिशियन रेडिएटर बघा म्हणतो, आणि मालक मधल्या मध्ये एकेक पार्ट बदलत बसतो.

खालची उत्तरं मुख्यतः फुल हायब्रिड गाड्यांसाठी आहेत, म्हणजे ज्या थोडं अंतर नुसत्या मोटरवर चालू शकतात. उदाहरणं बरीचशी टोयोटा प्रियसची आहेत. ती १९९७ पासून रस्त्यावर आहे आणि तिच्या दुखण्यांची नोंद भरपूर झालेली आहे.

१. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडचं तापणं वेगळं कसं?

इथे उष्णता तीन ठिकाणी तयार होते आणि ती बाहेर काढायची सोयही तीन ठिकाणी वेगवेगळी आहे. इंजिनासाठी नेहमीचं कूलंट, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटर. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा भाग) आणि मोटरसाठी बहुतेक गाड्यांत कूलंटची दुसरी, स्वतंत्र लाइन. तिची टाकी वेगळी, पंप वेगळा. हाय व्होल्टेज बॅटरीसाठी बऱ्याच गाड्यांत केबिनमधली हवा ओढणारा एक छोटा पंखा, काही नव्या गाड्यांत एसीचा गॅस किंवा कूलंट.

या तिघांपैकी कोणीही तापलं तरी मालकाला दिसतं ते एकच: दिवा लागला, पिकअप गेला. म्हणून पहिला प्रश्न ‘का तापलं’ हा नाही. तापलं कोण, हे आधी ठरवा. ते न ठरवता केलेला प्रत्येक खर्च हा जुगार असतो.

२. निदानाची सुरुवात कुठून करायची?

कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे क्रमांक, स्कॅनरने वाचण्यापासून, आणि ते पुसायच्या आधी लिहून घेण्यापासून. बॅटरीचं टर्मिनल काढून ‘रीसेट’ करण्याची सवय हायब्रिडमध्ये फार महागात पडते. कोडसोबत फ्रीज फ्रेम साठवलेली असते: बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, कूलंटचं तापमान किती, इंजिन चालू होतं की बंद, १२ व्होल्टच्या बाजूला किती व्होल्ट होते. ही माहिती एकदा पुसली की बिघाड पुन्हा उद्भवेपर्यंत वाट बघावी लागते.

त्यानंतर १२ व्होल्टची बॅटरी तपासा. तक्रार इंजिन तापण्याची असली तरीही. मग दोन्ही टाक्यांतलं कूलंट, फ्यूज आणि रिले, पंखे आणि पंप खरोखर फिरतात का, आणि सगळ्यांत शेवटी सेन्सर. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, कारण सेन्सर बदलणं सोपं असतं.

३. दोनशे व्होल्टची बॅटरी असताना १२ व्होल्टच्या बॅटरीला एवढं महत्त्व का?

कारण गाडीला जाग आणण्याचं काम तीच करते. सगळे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात, आणि हाय व्होल्टेज बॅटरीला बाकीच्या गाडीशी जोडणारे मेन रिलेसुद्धा तिच्याच विजेवर ओढले जातात. ती कमजोर असेल तर मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही.

फुल हायब्रिडमध्ये बहुधा वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचं काम मोटर-जनरेटर करतो. त्यामुळे साध्या गाडीत बॅटरी बसत चालल्याची जी खूण मिळते, सकाळी सेल्फ जड फिरणं, ती इथे मिळतच नाही. बॅटरी गुपचूप म्हातारी होते आणि एक दिवस एकदम दहा दिवे लावते.

मोजमाप सोपं आहे. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर इतर कुठल्याही कोडवर विश्वास ठेवू नका. आधी बॅटरी चार्ज करा किंवा बदला. गाडी रेडी केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. ही वीज अल्टरनेटर देत नाही, फुल हायब्रिडमध्ये तो नसतो. डीसी-डीसी कन्व्हर्टर ती हाय व्होल्टेजमधून उतरवून देतो. रेडी असतानाही आकडा १२ च्या घरात अडकलेला असेल तर कन्व्हर्टर, त्याचा मोठा फ्यूज किंवा मधली जोडणी संशयित. पी०ए९४ हा कोड याच कन्व्हर्टरचा.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर तिथे गॅस बाहेर नेणारी नळी लावता येणारी, शक्यतो एजीएम (आतलं द्रव न सांडणाऱ्या) प्रकारचीच बॅटरी बसवा. मापात बसते म्हणून साधी बॅटरी आत ठेवली, तर चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बंद जागेत साठतो.

४. माझ्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. इंजिन तापतंय हे कसं कळणार?

बऱ्याच हायब्रिडमध्ये फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावायचा छोटा अ‍ॅडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप घेऊन कूलंटचं तापमान डोळ्यांसमोर ठेवा. गरम झालेल्या इंजिनाचा आकडा साधारण ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फिरत राहिला तर ठीक. १०५ च्या पुढे चढत असेल तर कारण शोधायला लागा.

इंजिन बंद झाल्यावर आकडा दोन-चार अंश वर जाणं नैसर्गिक आहे, कारण पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि धातूतली उष्णता त्यात उतरते. आकडा उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. अशा वेळी बऱ्याच गाड्या सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरवतात. थंड इंजिनावर पंखा घोंघावत असेल, तर रेडिएटरकडे न जाता आधी हा कनेक्टर बघा.

सेन्सरवर संशय असेल तर तो मल्टीमीटरने मोजता येतो: २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ०.२ ते ०.४ किलोओहम. तापमान चढतं तसा रोध उतरला पाहिजे, आणि सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारणारा सेन्सर बाद.

५. चालताना लाल दिवा लागला. त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा, गिअर पार्किंगला लावा. वाफ दिसत असेल तर गाडी पूर्ण बंद करा आणि वाफ थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. वाफ नसेल तर गाडी रेडी ठेवून बोनेट उघडा आणि पंखा फिरतोय का बघा. फिरत असेल तर तापमान उतरू द्या. फिरत नसेल तर लगेच बंद करा.

रेडी असलेल्या हायब्रिडमध्ये इंजिन कधीही आपोआप सुरू होऊ शकतं, म्हणून हात, ओढणी, टाय आत घालू नका.

हीटर पूर्ण गरमवर लावून उष्णता केबिनमध्ये ओढायची जुनी युक्ती इथेही चालते, पण पंप फिरत असेल तरच. पंपच बंद पडला असेल तर हीटरमधून थंड वारा येईल. ही स्वतःच एक निदानाची खूण आहे: इंजिन उकळतंय आणि हीटर थंड, म्हणजे कूलंट फिरत नाही किंवा उरलेलंच नाही.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबाखाली ते सव्वाशे अंशांपर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणंही नको, हेडला तडा जाऊ शकतो.

६. ट्रॅफिकमध्येच तापतं, हायवेवर नाही. कुणाचं उलट आहे. यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. हळू चालताना तापणारी आणि वेगात गार पडणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते: मोटर, रिले, फ्यूज, किंवा पंख्याचा कंट्रोल मॉड्यूल. दोन पंख्यांपैकी एकच फिरत असेल तरी थंड हवामानात काही जाणवत नाही. एसी लावून दोन्ही फिरतात का, ते डोळ्यांनी बघा.

वेगात किंवा चढावर तापत असेल तर बहुधा हवा पुरते आहे, कूलंटचा प्रवाह पुरत नाही. पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, आतून चोंदलेला रेडिएटर. पण हवेची वाटही बघा: एसीचा कंडेन्सर (समोरची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पानं, किडे आणि धूळ यांचा थर साचतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत गादी तयार झालेली असते.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच, कुठेही असलात तरी तापत असेल, तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे.

७. इलेक्ट्रिक वॉटर पंप खराब झाला हे कसं ओळखायचं?

२००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसने इंजिनावरचा पट्टा काढून टाकला आणि कूलंटचा पंप विजेवर नेला. पट्टा तुटण्याची भीती गेली, पण पंप आता आवाज न करता, कूलंट न गळता मरतो. आज चालतो, उद्या थांबतो, गाडी बंद करून चालू केली की पुन्हा फिरतो.

इंजिन गरम करा आणि पंपाच्या बाहेर जाणाऱ्या होजला काळजीपूर्वक हात लावून बघा. प्रवाह असेल तर किंचित थरथर जाणवते. स्कॅनरवर पंपाचा मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग दिसत असेल तर त्यांची तुलना करा. पी२६१बी हा पंपाच्या कामगिरीचा कोड. पी१४८एफ मात्र नीट वाचा: त्याचा अर्थ पंप गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतोय. पंप असा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यासमोर कूलंट नसतं, हवा असते. अशा गाडीत नवा पंप टाकला तर काही दिवसांनी तोच कोड परत येतो. कूलंट कुठे गेलं ते आधी शोधा.

८. कूलंट कमी होतं, पण गळती कुठेच दिसत नाही. सकाळी गाडी सुरू होताना हादरते.

या दोन तक्रारी एकत्र असतील तर हेड गॅस्केटचा संशय पहिला. रात्रभर कूलंट थेंबाथेंबाने एखाद्या सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर तो सिलिंडर काही सेकंद मिसिंग मारतो, गाडी खडखडते आणि मग जणू काही झालंच नाही अशी चालू लागते. स्कॅनरवर मिसफायरचा कोड दिसतो, पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ पैकी एखादा. मग कॉइल बदलते, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ होतात आणि हादरे चालूच राहतात. या चुकीच्या वळणावर जितका पैसा जातो तितका दुसऱ्या कशावर जात नसेल.

तपासायच्या गोष्टी अशा. टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येतात का. टाकीच्या तोंडाशी ब्लॉक टेस्टर लावल्यावर त्यातलं निळं द्रव पिवळं पडतं का. पिवळं पडलं तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. पण सुरुवातीच्या, बारीक गळतीत ही चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. त्याहून भरवशाची रीत म्हणजे संध्याकाळी कूलिंग सिस्टमला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन ठेवायचा, सकाळी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोअरस्कोपचा कॅमेरा सोडायचा. पिस्टनवर ओल दिसली किंवा चारांपैकी एकच पिस्टन धुतल्यासारखा लख्ख दिसला, की वाद संपला.

तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये आणि त्याच १.८ लिटर इंजिनाच्या इतर गाड्यांत हे दुखणं जास्त दिसतं. या इंजिनावर काम करणारे बरेच मेकॅनिक त्याचा संबंध ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या ईजीआरच्या बारीक वाटांशी जोडतात. काजळीने त्या चोंदल्या की काही सिलिंडरना थंड करणारा एक्झॉस्ट वायू कमी मिळतो आणि ते जास्त तापतात. पी०४०१ हा ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा कोड आला असेल तर ती साफसफाई पुढे ढकलू नका. मला विचाराल तर कोड येण्याची वाटही बघू नये.

कॉम्प्रेशन टेस्ट करायची असेल तर लक्षात ठेवा, इथे चावी फिरवून इंजिन नुसतं फिरवता येत नाही. त्यासाठी कंपनीच्या स्कॅनरमधला क्रँकिंगचा खास मोड लागतो.

९. कूलंट नुकतंच बदललं आणि तेव्हापासूनच तापायला लागलं.

हवा अडकली आहे. इलेक्ट्रिक पंपाच्या गाडीत वरून ओतलं आणि झाकण लावलं एवढ्याने सिस्टम भरत नाही. बऱ्याच गाड्यांत ब्लीडर व्हॉल्व्ह उघडून पंप चालू ठेवण्याची ठरलेली पद्धत असते, ती सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच करा. हीटर लावल्यावर डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे. आणि रंग सारखा दिसतो म्हणून कुठलंही कूलंट मिसळू नका. रंगावरून रसायन कळत नाही.

१०. इन्व्हर्टर तापतो म्हणजे नक्की काय होतं?

इन्व्हर्टर बॅटरीतला डीसी करंट मोटरसाठी एसी करंटमध्ये बदलतो, आणि अनेक गाड्यांत त्याआधी व्होल्टेज चढवतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण मोटरला ५०० व्होल्टपर्यंत मिळतात. तिसऱ्या पिढीत ६५० पर्यंत. हे काम करणारे ट्रान्झिस्टर प्रचंड तापतात आणि त्यांना इंजिनाच्या कूलंटपेक्षा बरंच थंड कूलंट लागतं.

प्रवाह थांबला की गाडी आधी ताकद कमी करते. चढावर पाय दाबला तरी जोर येत नाही, मग त्रिकोणी लाल दिवा, मग थांबणं. इंजिनाचं तापमान मात्र पूर्ण वेळ ठीक असतं, आणि तिथेच लोक चकतात. कोड बहुतेक वेळा पी०ए९३.

सगळ्यांत पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी रेडी करा आणि इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत डोकावा. ही टाकी इंजिनाच्या टाकीपेक्षा वेगळी आहे, हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं. पाणी हलताना, वळवळताना दिसलं तर पंप चालू आहे. आरशासारखं स्थिर असेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा. कनेक्टरवर १२ व्होल्ट येत असूनही पंप गप्प असेल तर पंप गेला. २०१२ मध्ये टोयोटाने हायब्रिडच्या याच पंपासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या.

मात्र इन्व्हर्टरचं प्रत्येक तापणं पंपामुळेच होतं असं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, त्या सॉफ्टवेअरसाठी. काही परिस्थितीत त्या सॉफ्टवेअरमुळे ट्रान्झिस्टरवर उष्णतेचा ताण येत होता आणि ते निकामी होऊ शकत होते. जुनी गाडी घेतली असेल तर चॅसी नंबर टाकून ‘रिकॉलचं काम झालंय का’ हे बघणं, इन्व्हर्टर उघडण्याच्या आधी करायचं काम आहे.

११. मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज येतो. चिंतेचं कारण आहे का?

तो हाय व्होल्टेज बॅटरीचा पंखा. उन्हात उभ्या गाडीत तो जोरात फिरणं स्वाभाविक आहे. पण सौम्य हवामानातही सतत ओरडत असेल तर सीटच्या बाजूची हवेची जाळी बघा. तिच्यावर पिशवी, जॅकेट, सीट कव्हर आलेलं असतं, किंवा आत धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस यांचा लगदा. फिल्टर असेल तर तो साफ करा. बऱ्याच गाड्यांत पंख्याची पातीही उघडून साफ करावी लागतात. तापलेली बॅटरी चार्ज कमी घेते आणि कमी देते, त्यामुळे मायलेज पडतं आणि इंजिन जास्त वेळ चालतं. पॅकच्या मधले मॉड्यूल कडेच्यांपेक्षा आधी मरतात, त्याचंही कारण उष्णताच: मधून ती बाहेर पडायला जागा कमी.

१२. पी०ए८० आला. म्हणजे बॅटरी संपली?

कोडचं नावच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असं आहे, पण कॉम्प्युटरने पाहिलंय ते एवढंच: काही ब्लॉकचं व्होल्टेज इतरांपेक्षा वेगळं पडतंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल आहेत आणि ते जोडीजोडीने, १४ ब्लॉक म्हणून मोजले जातात. स्कॅनर लावून, जोरात ॲक्सिलरेटर देताना आणि ब्रेक मारताना हे चौदा आकडे बघा. सगळे एकत्र वर-खाली होत असतील, फरक काही दशांश व्होल्टचा असेल, तर पॅक अजून बरा आहे. एकच ब्लॉक लोडवर एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त खाली कोसळत असेल तर त्यातला मॉड्यूल गेला.

त्याआधी मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आणि सेन्स (व्होल्टेज मोजणाऱ्या) वायर तपासून घ्या. त्यांच्यावर हिरवी बुरशी धरली की मोजमापच चुकतं आणि चांगल्या ब्लॉकवर आळ येतो. एकच मॉड्यूल बदलून गाडी चालते, पण बाकीचे सत्तावीस तेवढेच जुने असतात. ती दुरुस्ती किती दिवसांची, हे पॅकच्या वयावर अवलंबून. गाडी विकायच्या आधी केलेली अशी दुरुस्ती घेणाऱ्याला सांगायलाच हवी.

१३. पी०एए६ म्हणजे गाडीत शॉक बसतो का?

या कोडचा अर्थ हाय व्होल्टेजच्या कुठल्यातरी भागाचं बॉडीपासूनचं इन्सुलेशन कमी झालं आहे. हाय व्होल्टेजची बाजू बॉडीपासून पूर्णपणे वेगळी ठेवलेली असते, म्हणून एका जागी गळती झाली तरी लगेच धक्का बसतो असं नाही. पण संरक्षणाचा एक थर गेलेला असतो, आणि दुसऱ्या बाजूलाही गळती झाली तर खेळ संपतो. हा कोड असलेली गाडी काही वेळा चालत राहते. ती चालते म्हणून चालवत राहू नका.

निदानाची गंमत इथे आहे. टोयोटाच्या गाड्यांत मुख्य कोडच्या पोटात एक उपकोड असतो, आणि साधे स्कॅनर तो दाखवतच नाहीत. ५२६ म्हणजे गळती आहे, जागा ठरलेली नाही. ६११ एसी कॉम्प्रेसरच्या बाजूला, ६१२ बॅटरीकडे, ६१३ ट्रान्सअ‍ॅक्सलकडे (मोटर आणि गिअर एकत्र असलेल्या भागाकडे), ६१४ मधल्या डीसी लाइनमध्ये. उपकोड मिळाला नाही तर कोड पुसून तो परत कोणत्या क्षणी येतो ते टिपा. मेन रिले जोडण्याआधीच आला तर बॅटरी पॅक. गाडी रेडी होताच आला तर इन्व्हर्टर आणि केबल. एसी लावल्यावर आला तर कॉम्प्रेसर. गिअर टाकल्यावर आला तर मोटर.

कॉम्प्रेसरचं कारण विशेष सांगण्यासारखं आहे. हायब्रिडमधला एसी कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याच्या मोटरची वाइंडिंग गॅस-ऑइलच्या मिश्रणातच बुडालेली असते. त्याला वीज न वाहणारं पीओई ऑइल लागतं. गॅस भरताना साध्या गाड्यांचं पीएजी ऑइल थोडंसुद्धा मिसळलं, अगदी मशिनच्या पाइपमध्ये उरलेलं, तरी इन्सुलेशन ढासळतं. एसीचं काम झाल्यानंतर काही दिवसांत पी०एए६ आला असेल तर हा योगायोग समजू नका.

मोजमाप मल्टीमीटरने होत नाही, ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लागतो. एसी करंट आणि डीसी करंट यांचे भाग जोडलेल्या सिस्टमला आंतरराष्ट्रीय नियम किमान ५०० ओहम प्रति व्होल्ट मागतो. २०० व्होल्टच्या गाडीला हे एक लाख ओहम झाले. निरोगी गाडी त्याच्या कितीतरी वर, मेगाओहममध्ये असते. हे काम प्रशिक्षित माणसाचं.

१४. एकाच वेळी सगळे दिवे लागले: ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, हायब्रिड. सगळंच खराब झालं?

सगळं एकाच वेळी खराब होत नसतं. सगळ्यांना समाईक असलेली एखादी गोष्ट शोधा. पहिली १२ व्होल्टची बॅटरी आणि तिची टर्मिनल. दुसरी अर्थिंग: हेडलाइट आणि मागची काच गरम करणारा हीटर लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे.

तिसरी कॅन लाइन, ज्यावरून सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. १२ व्होल्टची बॅटरी काढा आणि ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजा. साधारण ६० ओहम असेल तर लाइन शाबूत आहे. १२० असेल तर कुठेतरी तुटली आहे, शून्याच्या जवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही नव्या गाड्यांत हा पोर्ट गेटवेमागे (मध्ये बसवलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरमागे) असतो, तिथे हे गणित लागू होत नाही. ‘यू’ने सुरू होणारे, म्हणजे कॉम्प्युटरमधला संवाद तुटल्याचे, बरेच कोड एकत्र आले असतील तर कॉम्प्युटर बदलायला सांगणाऱ्याला थांबवा.

१५. बिघाड कधी येतो, कधी जातो. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाणी.

मग बिघाडाला लागणारी परिस्थिती गॅरेजमध्ये उभी करावी लागते. वायरिंग हलवून बघणं, कनेक्टर हेअर ड्रायरने तापवणं, १२ व्होल्टच्या लूमवर (वायरींच्या जुडीवर) पाण्याचा हलका फवारा. हाय व्होल्टेजची केशरी केबल आणि तिच्या कनेक्टरवर यातलं काहीही करायचं नाही.

उंदरांनी कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, ती लूमच्या खालच्या अंगाला असते. बाहेरून लावलेल्या गोष्टीही बघा: हॉर्न, जादा लाइट, डॅशकॅम, रिमोट लॉक, ज्यांच्यासाठी मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेली असते. रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर गाडी पूर्ण झोपल्यावर करंट मोजा. ५० मिलीअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. स्मार्ट चावी गाडीला लागूनच टांगलेली असेल तर काही गाड्या रात्रभर जाग्याच राहतात.

१६. इंजिन गरम झालं तरी बंदच होत नाही, सिग्नलला चालूच राहतं.

कूलंटचं तापमान बघा. ते ६०-७० च्या पुढे जातच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, कोड पी०१२८. तापमान बरोबर असेल तर केबिनचा हीटर चालू आहे का, बॅटरीचा चार्ज कमी आहे का, हे पाहा. दोन्ही कारणांनी इंजिन मुद्दाम चालू ठेवलं जातं.

१७. स्वस्त स्कॅनर पुरतो का?

इंजिनाचं तापमान आणि साधे कोड यांसाठी पुरतो. हायब्रिड कॉम्प्युटर, बॅटरीचे ब्लॉक आणि उपकोड यांसाठी तुमच्या कंपनीच्या गाड्यांचा डेटा वाचणारं अ‍ॅप किंवा स्कॅनर लागतो. स्वस्त स्कॅनरने ‘कोड नाही’ म्हटलं याचा अर्थ कोड नाही असा होत नाही. त्याला दिसला नाही, एवढंच.

१८. घरी किती करावं आणि कुठे थांबावं?

१२ व्होल्टची बाजू, फ्यूज, रिले, पंखे, कूलंटची पातळी, बॅटरीच्या हवेची जाळी: हे सगळं घरी होतं. केशरी आवरणाची केबल दिसली की थांबा. ६० व्होल्ट डीसीच्या वरचं व्होल्टेज धोकादायक धरलं जातं आणि इथे त्याच्या कित्येक पट असतं.

प्रशिक्षित माणूससुद्धा आधी गाडी बंद करतो, चावी दूर ठेवतो, १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढतो, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे तपासून घालतो, सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढून खिशात ठेवतो, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला किमान दहा मिनिटं थांबतो आणि मग मीटरने शून्य व्होल्ट झाल्याची खात्री करतो. तुमच्या गॅरेजमध्ये यातल्या पायऱ्या गाळल्या जात असतील तर गाडी दुसरीकडे न्या.

काम झाल्यावर गाडी रेडी होत नसेल आणि पी०ए०डी दिसत असेल, तर घाबरण्याआधी सर्व्हिस प्लगचा दांडा शेवटच्या खाचेपर्यंत सरकवलाय का ते बघायला सांगा. तो अर्धवट राहिला की इंटरलॉक (सगळं नीट जोडलेलं आहे याची खात्री करणारं सर्किट) जोडला जात नाही.

१९. माइल्ड हायब्रिडला हे सगळं लागू आहे का?

थोडंच. १२ किंवा ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, जिची मोटर इंजिनाला फक्त मदत करते, ६० व्होल्टच्या मर्यादेखाली राहते. तिच्यात बहुतेकदा पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर असतो, त्यामुळे पट्टा, त्याचा टेन्शनर आणि अर्थिंग ही पहिली संशयित. इंजिन तापण्याचं निदान जवळजवळ साध्या गाडीसारखंच.

२०. गाडी बंद पडली. जंप देऊ की टो करून नेऊ?

दिवे मंद असतील, रिले नुसते टकटकत असतील तर जंप द्या, पण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनलवरच. बॅटरी डिकीत असली तरी बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये त्यासाठी जागा दिलेली असते. प्लस-मायनस उलटं लागलं तर मुख्य फ्यूज जातो, कधी डीसी-डीसी कन्व्हर्टरही. आणि तुमच्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका. बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल ते नाकारतात.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड मागवा. ते नसेल तर निदान मोटर जोडलेली चाकं जमिनीवर टेकणार नाहीत अशी उचला. ती रस्त्यावर फिरत राहिली तर गाडी बंद असूनही मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते, आणि बिघडलेल्या इन्व्हर्टरमध्ये त्या विजेने आग लागू शकते. बऱ्याच ऑल व्हील ड्राइव्ह हायब्रिडमध्ये मागच्या चाकांनाही मोटर असते, तिथे फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.